रिपेकाने मोजलेली थरथर

रिपेकाला निवांत बसलेलं फारसं कुणी पाहिलं नव्हतं. चहा ती उभ्यानेच प्यायची, फोनवर बोलताना खोलीभर फेऱ्या घालायची, आणि रविवारी चर्चमध्ये सगळी मंडळी बाकांवर टेकली की ही मागच्या दाराशी उभी, भार या पायावरून त्या पायावर टाकत. पाद्रीबाबांनी एकदा टोकलंच, "रिपेका, देवाच्या घरी तरी बूड टेक." तर म्हणाली, "बसले की मला झोप येते हो. उभी राहिले की प्रार्थना येते." त्यावर पाद्रीबाबांनी पुन्हा विचारलं नाही.

तिचा जन्म मांगाटुई नदीपलीकडच्या वस्तीतला. नऊ भावंडांत सहावी. सोळाव्या वर्षी ती शहरात दुधाच्या भुकटीच्या कारखान्यात लागली आणि बावीस वर्षं पट्ट्यावरून सरकणारी पोती शिवत राहिली. नवरा जंगलतोडीच्या कामावर होता, झाड अंगावर येऊन गेला. एकुलती लेक नर्स होऊन ब्रिस्बेनला निघून गेली. रिकामं घर खायला उठू लागलं तेव्हा एका इंजिनियरिंग कचेरीची जाहिरात तिच्या पाहण्यात आली: मोठी गाडी चालवणारं, उंचीला न भिणारं माणूस पाहिजे. रिपेका वायरींची भेंडोळी उचलायला म्हणून गेली आणि बारा वर्षांत त्या कचेरीची सगळी मोजमापं तिच्या हाताखालून जाऊ लागली. कॉलेजाचं तोंड तिने पाहिलं नव्हतं. पण तिने आणलेल्या आकड्यावर बोट ठेवायची कुणाची छाती नव्हती.

काम पुलांची थरथर मोजायचं. बाजारात माठ घेताना आपण बोटाने वाजवून बघतो, चिरलेला असला तर तो बद्द वाजतो. पुलाचंही तसंच. गाड्या गेल्या, वारा आला, की पूल डोळ्यांना न दिसेल इतका थरथरतो. धडधाकट पूल भरभर थरथरतो, खिळखिळा सावकाश. रिपेका पुलावर जागोजाग वाटीएवढी यंत्रं मांडायची आणि ती थरथर टिपून आणायची. इकडे कचेरीत जुन्या नकाशांवरून संगणकात त्याच पुलाचं जुळं उभं केलेलं असायचं. खऱ्याची थरथर आणि जुळ्याची थरथर पहिल्या फटक्यात कधीच जुळत नसे. मग इंजिनियर जुळ्याचे आकडे सुधारत बसायचे. इथलं काँक्रीट जरा कच्चं धर, तिथला टेकू जरा घट्ट धर, असं करत करत दोघं एका तालात आले, की जुळ्यावर हवं तेवढं ओझं घालून बघायचं. खऱ्या पुलाला बोट न लावता कळतं, तो किती पेलेल.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात काम आलं ते मांगाटुईच्या पुलाचं.

हा पूल १९३८ सालचा, एकेरी. खाली लोखंडी तुळया, वर काँक्रीटचा पाट. पलीकडे एकोणीस घरं, त्यांचे गायींचे गोठे, आणि वस्तीचं सभाघर, म्हणजे माराए. पोरांना शाळेत नेणारी बस, दुधाचा टँकर, आजाऱ्याला नेणारी गाडी, सगळं याच पुलावरून. दुसरा रस्ता डोंगराला वळसा घालून तासाभराचा, आणि पावसात दरड कोसळली की तोही बंद. दूध कंपनीला आता जास्त वजनाचा टँकर आणायचा होता, म्हणून पूल तपासा असं कौन्सिलने सांगितलं.

रिपेका हरखली होती. तिच्या धाकट्या बहिणीचं, मेरेआनाचं, घर पुलापासून हाकेच्या अंतरावर. सकाळी यंत्रं मांडायच्या आधी कोरो पेतेरांनी पुलाच्या तोंडाशी उभं राहून प्रार्थना म्हटली. कोरो म्हणजे आजोबा. पेतेरांना आख्खी वस्ती कोरोच म्हणायची. चौतीस वर्षं ते कौन्सिलकडे रस्त्याच्या कामावर होते, आता ऐंशीला टेकले होते. प्रार्थना झाल्यावर फावड्यावर रेलून दिवसभर रिपेकाचं काम बघत राहिले. दुपारी माराएच्या स्वयंपाकघरातून जेवणाच्या हाका सुरू झाल्या. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा तर मेरेआना स्वतःच पुलावर येऊन ओरडली, "मटण निवतंय! तुझ्या वाट्यांना भूक नसेल, आम्हाला आहे!" रिपेकाने उरलेला फॉर्म भराभर भरला आणि जेवायला गेली.

तीन आठवड्यांनी, सोमवारी सकाळी, डंकनने तिला आपल्या टेबलापाशी बोलावलं. डंकन कचेरीतला मुख्य इंजिनियर. चाळिशीचा, सरळ मनाचा, गणिताला पक्का माणूस.

"बस ना," तो म्हणाला.

"सांग."

"नकाशावरून काढलं तर तुझा पूल सेकंदाला सहा वेळा थरथरायला हवा. तू मोजलंस तेव्हा भरले पाच. म्हणून मी जुळ्याच्या पाटाचा ताठरपणा उतरवत नेला. तीस टक्के उतरवल्यावर बरोबर पाचावर आला. बघ, रेघेला रेघ."

पडद्यावर एक निळी रेघ होती, एक लाल. एकीखाली दुसरी दिसेनाशी झाली होती.

"म्हणजे?"

"म्हणजे पाट आतून फुटलाय. गुरुवारी कौन्सिलची बैठक आहे. मी तीन टनांची मर्यादा सुचवलीय."

रिपेका खिडकीपर्यंत गेली आणि परत आली. "बस आठ टनांची आहे, डंकन."

"माहीत आहे मला."

"टँकर तर..."

"रिपेका, उद्या बस खाली गेली तर?"

रिपेका पुन्हा खिडकीकडे वळली. डंकन काही दुष्टावा करत नव्हता. आकडे तिचेच होते. आपल्याच माणसांचा रस्ता बंद व्हायचा होता, आणि तो तिच्याच हाताने.

बातमी तिच्याआधी वस्तीत पोचली. दुपारी मेरेआनाचा फोन.

"अभिनंदन गं बाई! ऐकलं, आमचा पूल मेला म्हणे. जेवून गेलीस, हात पुसलेस, आणि मेल्याचा दाखला पाठवलास."

"मेरे, अजून काही ठरलेलं नाही."

"टँकर आला नाही तर दूध कुठे ओतू? तुझ्या वाट्यांत? आणि पोरांनी काय करायचं, पोहत जायचं?"

"मी बघते काहीतरी."

"बघू नकोस! मागच्या वेळी बघितलंस तेच पुरे झालं." फोन आपटला गेला.

त्या दिवसापासून रिपेकाच्या जिवाची जी घालमेल सुरू झाली ती थांबेना. सोमवारची दुपार आणि आख्खा मंगळवार तिने यंत्रं तपासण्यात घालवला. प्रत्येक वाटी प्रयोगशाळेच्या हलत्या टेबलावर ठेवून पाहिली. सगळ्या ठीक. नोंदी पहिल्यापासून पुन्हा लावल्या. पाच म्हणजे पाचच. सरळ विचार करायला जावं तर एकच गोष्ट आडवी येई: दिवा घेऊन ती पुलाच्या पोटाखालून दोन्ही काठांपर्यंत सरपटत गेली होती, आणि केसाएवढ्या दोन-चार रेघांपलीकडे तिला चीर म्हणून दिसली नव्हती. तिसरा हिस्सा ताकद गेलेला पाट आतल्या आत असा कसा फुटतो? पाण्याचा एक डाग नाही, गंजाचा एक ओघळ नाही?

मंगळवारी संध्याकाळी सगळे घरी निघाले असताना ती डंकनच्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"मला तुझं जुळं पटत नाही."

"जुळतंय की! आणखी काय हवं तुला?"

"तू त्याला विचारलंस काय? ताठरपणा किती कमी केला तर आकडा जुळेल, एवढंच ना? मग त्याने तेवढंच सांगितलं. दुसरं काही बदललं असतं तर तसंही जुळलं असतं."

डंकनने चष्मा काढून डोळे चोळले. "बरं. दुसरं काय बदलू, तूच सांग. लांबी? ती तू फितीने मोजलीस. तुळया? त्यांची जाडी तू यंत्राने घेतलीस. पाटावरचं वजन? तेही तुझ्याच फॉर्मात आहे. मी तुझ्या आकड्यांवर विश्वास ठेवला, म्हणून राहिला फक्त ताठरपणा. की तुझे आकडे चुकीचे धरू?"

"छे," रिपेका म्हणाली. पण त्या आकड्यांतलं काहीतरी तिला टोचलं. काय ते मात्र कळेना. तिने बुधवारची रजा टाकली.

दोन तास गाडी हाकत ती सकाळी माराएवर पोचली. शनिवारी कुणाच्या तरी समाधीच्या दगडाचं अनावरण होतं, दोन बस भरून पाहुणे यायचे होते. स्वयंपाकघरात बायका रताळी सोलत बसल्या होत्या. रिपेका आत आली तशी बोलणं थांबलं. तिने सुरी उचलली आणि ओट्याशी उभी राहून सोलायला लागली.

मेरेआना वर न बघताच म्हणाली, "आता काय मोजायला आलीस? रताळी?"

"सोलायला आले."

"साल जाड काढू नकोस. तुझ्या कचेरीची नाहीत ती."

बायका फिस्सकन हसल्या. हसल्या म्हटल्यावर हवा जरा सैल झाली. कोपऱ्यात आंटी हुहाना होती, मेरेआनाची सासू, पंच्याहत्तरीची, वस्तीभर सगळ्यांची आंटी. ती म्हणाली, "नका गं तिला बोलू. पूल म्हातारा झाला, त्याला ती काय करील? मी नाही झाले? परवा मी त्या पुलाच्या कठड्याच्या पायरीवर बसायला गेले, तर गुडघे कानाशी आले! लहानपणी आम्ही पोरी तिथेच बसायचो की नाही, पाय लोंबकळायचे, रस्त्याला टेकायचे नाहीत. म्हातारपणी माणूस आखडतं ते ठाऊक आहे, पण पूलही आखडतो का गं?"

"तुझेच पाय लांब झाले असतील, आंटी," कुणीतरी म्हणालं.

"या वयात? देवाची कृपा मग!"

हशा पिकला. रिपेकाची सुरी मात्र हातातच थांबली होती.

"आंटी, कुठली पायरी म्हणालीस?"

"अगं रस्त्याच्या दोन्ही कडांना नाही का, सिमेंटची. चाक घसरून नदीत जाऊ नये म्हणून बांधलेली."

रिपेकाने सुरी ठेवली आणि हात न पुसताच ती निघाली. पुलावर जाईतो ती चालत नव्हती, पळत होती. १९३८च्या नकाशात ती कड पाटापासून नऊ इंच उंच दाखवलेली होती; नकाशा तिला तोंडपाठ होता. तिने फीत लावली. रस्त्यापासून कडेच्या माथ्यापर्यंत भरले दोन इंच.

मग बाकीचे सात इंच कुठे गेले?

ते तिच्या पायांखाली होते. आणि तेव्हा तिला काल संध्याकाळपासून काय टोचत होतं ते आठवलं. त्या फॉर्मात बत्तीस रकाने होते. त्यातला एकोणतिसावा: पाटावरच्या खडी-डांबराची जाडी, खणून मोजावी. त्या दिवशी स्वयंपाकघरातून हाका येत होत्या, आणि समोर कोरो फावड्यावर रेलून उभे होते. त्यांच्या हातचा तो रस्ता. वस्तीत कुणाच्या अंगणालाही अशी सफाई नव्हती. सकाळी याच माणसाने तिच्या कामासाठी देवापाशी मागणं मागितलं होतं. त्यांच्या देखत त्या रस्त्यात पहार घालायची? तिला ते जमलं नाही. १९७१ साली दोन इंच डांबर टाकल्याची कौन्सिलच्या वहीत नोंद होती. तिने दोन इंच लिहिले आणि जेवायला गेली.

हा आकडा तिने मोजलेलाच नव्हता.

गाडीतून तिने पहार काढली आणि पुलाच्या मध्यावर खणायला सुरुवात केली. खडी बसून बसून दगडासारखी झाली होती. घाम निथळायला लागला. चार इंचांवर पोचली असेल तोच मागून आवाज आला.

"माझा रस्ता का फोडतेस, पोरी?"

कोरो पेतेरा. आज त्यांच्या हातात फावडं नव्हतं, काठी होती.

रिपेका पहारीला धरून उभी राहिली. "कोरो, यावर खडी किती वेळा टाकलीत तुम्ही?"

"हवी तेव्हा." त्यांनी खड्ड्यात वाकून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "दिसतंय का? तो वरचा करडा थर गेल्या वर्षीच्या लग्नाचा. त्याखाली शिंपल्यांचा चुरा आहे ना, बिशप आले होते तेव्हाचा. आणि तो काळा, तो तुझ्या बापाच्या तांगीचा, त्याला पोचवलं तेव्हाचा. मयत घेऊन गाडी यायची होती, रात्रभर पाऊस पडून खड्डे पडलेले. म्हटलं, आयुष्यभर मेंढ्या कातरून कंबर मोडून घेतलेला माणूस, शेवटचा घरी येतोय, त्याला हिसके नको बसायला."

"दर वेळी टाकायचात?"

"पाहुणा आपल्या दारी हेलपाटत येऊन चालेल? लग्न असो, तांगी असो. नदीतून खडी आणायची, दाबायची. कचेरीला कशाला सांगायचं? मी निवृत्त झाल्यावरही सोडलं नाही. माझा ट्रॅक्टर आहे."

रिपेकाने पहार आडवी ठेवली. मग तिने सांगितलं. आधी स्वतःचं सांगितलं, एकोणतिसाव्या रकान्याचं. मग खडीचं. रिकामं पातेलं वाजवलं तर खणखणतं, त्यात अर्धं पाणी घातलं की बद्द वाजतं. पातेलं फुटलेलं नसतं, भरलेलं असतं. पुलाचं तेच झालंय. त्याच्या अंगावर सात इंच दगड आहेत. म्हणून तो सावकाश थरथरतो, आणि संगणकाला वाटलं, फुटला.

कोरोंनी काठी दोन्ही हातांत धरली. "म्हणजे बस मी बंद पाडली म्हणायची."

"मी पाडली, कोरो. तुम्ही खडी टाकलीत. खोटं मी लिहिलं."

"खोटं नव्हे ते. माझी भीड."

"कागदावर भिडेला रकाना नसतो," रिपेका म्हणाली आणि तिने खिशातून फोन काढला. बारा वर्षांची नोकरी त्या फोनला लोंबकळत होती हे तिला कळत होतं.

डंकनने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मी सही केलीय, रिपेका. तुझ्या दोन इंचांवर मी सही केलीय!"

"हो."

"कौन्सिलच्या बारा माणसांच्या घरी तो अहवाल पोचलाय!"

"हो, डंकन."

"थांब तिथेच." फोन चालूच होता. कळफलकाची टकटक तिला ऐकू येत होती. ती पुलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. तिसऱ्या फेरीला तो बोलला, तेव्हा आवाज बदलला होता. "सात इंच धरले आणि ताठरपणा पूर्ववत केला. पाच येतंय." थोडं थांबून, "आणि ऐक. थरथरीच्या तऱ्हांतली तिसरी, सगळा पूल एका बाजूला पिळला जातो ती. ती मला आधी नीट जुळत नव्हती. मी म्हटलं, चालायचंच, थोडाफार फरक राहतो. आता तीही जुळतेय."

"मग पूल धड आहे ना?"

"एका भोकावरून मी नाही सांगणार. आधी एकदा पोळलोय. नऊ ठिकाणी खण. खांबांमधल्या तिन्ही गाळ्यांत, कडेला, मध्ये. आणि प्रत्येक भोकाचा फितीसकट फोटो."

नऊ भोकं एकटीने पाडायची म्हणजे अंधार झाला असता. तिसऱ्या भोकाशी ती वाकली होती, तेव्हा शेजारी दुसरी पहार येऊन आदळली. मेरेआना होती, कमरेला अजून स्वयंपाकाचा एप्रन.

"सरक," ती म्हणाली. "तुला लहानपणीही खणता यायचं नाही. बटाटे कापून ठेवायचीस सगळे."

बहिणींनी मिळून चारच्या आत नऊ भोकं पाडली. कुठे सहा इंच, कुठे साडेसात. खाली काँक्रीट लागलं की पहार टणकन वाजत होती.

गुरुवारच्या बैठकीत डंकनने नवा कागद वाटला आणि रिपेका उभी राहून बोलली. "फॉर्ममधला आकडा मी मोजला नव्हता. जुन्या नोंदीवरून उतरवला. चूक माझी आहे, साहेबांची नाही."

लांबलचक टेबलाच्या टोकाला अध्यक्ष प्रिंगलबाई होत्या. त्यांच्या शेजारचे एक पांढऱ्या मिशांचे सभासद म्हणाले, "सोमवारी म्हणालात पूल फुटलाय. आज म्हणता धड आहे. पुढच्या सोमवारी काय म्हणाल? आणि बाई, तुमचे नातेवाईक राहतात ना पलीकडे?"

"बहीण राहते."

"मग आम्ही तुमच्यावर विश्वास का ठेवावा?"

"ठेवू नका," रिपेका म्हणाली. "खडी काढा. मी पुन्हा मोजते. डंकनच्या जुळ्यात आम्ही खडी काढून पाहिलीय. पाट धड असेल तर थरथर साडेसहाला जायला हवी. फुटका असेल तर साडेपाचाच्या वर जाणार नाही. आकडा आजच लिहून तुमच्या हातात ठेवते. चुकला तर तीन टनांची पाटी मी स्वतः ठोकीन."

प्रिंगलबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "तोपर्यंत मर्यादा लागू राहील," त्या म्हणाल्या. "उद्यापासून. बस, टँकर, कुणीही नाही."

"शनिवारी पाहुणे यायचेत."

"मग उद्या संध्याकाळपर्यंत तुमच्या हातात वेळ आहे."

शुक्रवारी सकाळी शाळेची पोरं दप्तरं डोक्यावर घेऊन पावसात पूल चालत ओलांडून गेली. टँकर आला नाही. मेरेआनाने सकाळचं दूध वासरांना पाजलं आणि उरलेलं चरात सोडलं, आणि त्या पांढऱ्या ओघळाकडे न बघता फावडं घेऊन पुलावर आली.

कौन्सिलचं यंत्र पुढच्या आठवड्याशिवाय मिळत नव्हतं. कोरोंनी आपला छोटा ट्रॅक्टर काढला, त्याला पुढे पातं लावलं. लोकांनी म्हटलं, "कोरो, तुम्ही नका, आम्ही करतो." म्हातारा ऐकेना. म्हणाला, "घातली कुणी?" आणि सीटवर चढला. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी आयुष्यभर त्यांनी या पुलावर खडी घातली होती. आज त्याच दिवशी ते ती ओरबाडून काढत होते. लग्नाचा करडा थर गेला, बिशपचा शिंपल्यांचा गेला. काळ्या थराशी आल्यावर त्यांनी ट्रॅक्टर थांबवला. टोपी काढली, रिपेकाकडे पाहिलं. रिपेकाने मान हलवली. पातं खाली आलं. मागून वीस-पंचवीस माणसं फावडी चालवत होती, बायका कडेचं खरडत होत्या. मिशांचे सभासद छत्री घेऊन पाहायला आले होते. आंटी हुहानाने त्यांच्या हातात झाडू दिला.

दुपारी तीनला पन्नास वर्षांत पहिल्यांदा पाट उघडा पडला. कचेरीतून आलेला डंकन गुडघ्यांवर बसून इंच न् इंच बघत गेला. मग रिपेकाने वाट्या मांडल्या. कोरोंनी प्रार्थना म्हटली, या खेपेला फार थोडक्यात, कारण त्यांना धाप लागली होती.

मोजायला चाळीस मिनिटं लागणार होती. रिपेकाला तो काळ काढवेना. पुलावर पाऊल टाकायची सोय नव्हती, म्हणून ती रस्त्याने माराएच्या फाटकापर्यंत जाई आणि परत येई. ओठ हलत होते. आकडा साडेसहा येऊ दे, असं देवाजवळ मागायला तिला धीर होईना. आकडा जो असेल तो असेल, तो काय देवाने आपल्यासाठी बदलायचा? जे आहे ते दिसू दे, एवढंच ती म्हणत राहिली. आणि पावलागणिक मनात येत होतं, साडेपाच आला तर? या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर साडेपाच आला तर?

"रिपेका!" डंकनची हाक आली.

ती पळाली. गाडीच्या मागच्या दारात संगणक उघडा होता, भोवती ओल्या रेनकोटांचा घोळका. पडद्यावर एक सुळका उभा राहिला होता. त्याच्या पायाशी आकडा: सहा पूर्णांक चार.

साडेसहा म्हणजे साडेसहाच हवा की सहा पूर्णांक चार चालेल, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळे डंकनच्या तोंडाकडे बघत होते.

"चालेल," डंकन म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं, एवढ्याने भागणार नाही. "धड आहे. पूल धड आहे हो!"

जो गलका उठला त्यात मेरेआनाने बहिणीच्या पाठीत इतक्या जोरात धपाटा घातला की रिपेका संगणकावर आदळता आदळता वाचली. डंकनने तिथूनच प्रिंगलबाईंना फोन लावला. संध्याकाळी पाचला पाटी उतरली. नव्या जड टँकरचं काय ते पुढे ठरणार होतं, पण बस आणि जुना टँकर जायला मोकळे झाले.

शनिवारी पाहुण्यांच्या बस आल्या. खडी नसल्यामुळे जोडांवर चाकं दणदण आपटत होती. कोरो पेतेरा पुलाच्या तोंडाशी कोट घालून उभे होते आणि प्रत्येक बसच्या खिडकीशी जाऊन म्हणत होते, "हिसके बसतील हं. यंदा माफ करा." पाहुण्यांना कळेना, हा म्हातारा कशाची माफी मागतोय. रिपेका पाहत होती. तिथे थांबून राहणं तिला जमेना. ताटं लावायच्या निमित्ताने ती आत निघून गेली.

नोकरी राहिली. डंकनने दोन दिवस अबोला धरला, तिसऱ्या दिवशी आपणच चहा आणून दिला. सगळे म्हणाले, आता तरी तुझ्या जिवाला स्वस्थता आली असेल.

पण त्यापुढच्या सोमवारी तिने कपाटातून बारा वर्षांचे जुने फॉर्म काढले. दोनशेच्या वर पूल. खिडकीशी उभी राहून ती एकेक चाळत गेली, एकोणतिसाव्या रकान्यावर बोट ठेवत. कुठला दिवस कसा होता ते आठवत होती. इथे थंडीने बोटं वळत नव्हती. इथे शेतकऱ्याची म्हातारी गरम केक घेऊन आली होती. इथे खरंच खणलं होतं, हाताला फोड आलेला आठवतोय. इथे? आठवत नाही. जिथे आठवत नव्हतं ते तिने बाजूला काढले. दुपारपर्यंत सतरा झाले.

सतराव्यावर तिने पेन ठेवलं, आणि पहिल्या फॉर्मवरच्या गावाला फोन लावला. पलीकडे कुणी कारकून होता.

"नमस्कार," रिपेका म्हणाली, खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीकडे जात. "सात वर्षांपूर्वी मी तुमचा पूल तपासला होता. मला पुन्हा यायचंय. नाही, तक्रार कुणाची नाही. माझीच आहे."